कॅड, अ‍ॅनिमेशन की डिजिटल नकाशे: दुसऱ्या सत्रात काय घ्यावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाची बारावी सायन्स झाली, कॉलेजच्या कम्युनिटी कॉलेज विभागात एक वर्षाच्या डिप्लोमाला प्रवेश घेतलाय. पहिल्या सत्रात कॅड (संगणकावर ड्रॉइंग काढणं), अ‍ॅनिमेशन आणि डिजिटल मॅपिंग तिन्ही थोडं थोडं, दुसऱ्या सत्रात एक निवडायचं. घर कागलला, रोज एसटीने कोल्हापूर. स्कोप कशाला, आणि लॅपटॉप कोणता?

कागलच्या पोराने कॅड घ्यावं, आणि त्यातही मेकॅनिकल. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित या तिन्ही एमआयडीसींत फाउंड्री (धातू ओतायचे कारखाने) आणि मशीन शॉपची दाटी आहे. तिथे प्रत्येक कास्टिंगमागे, म्हणजे ओतीव भागामागे, कुणीतरी काढलेलं ड्रॉइंग असतं. नकाशाकाम हा दुसरा पर्याय, भावाला उन्हात हिंडायची आणि जमिनीच्या कागदांत डोकं घालायची तयारी असेल तर. अ‍ॅनिमेशन फक्त हाताने चित्र काढायची सवय आधीपासून असेल तरच.

मात्र ऑटोकॅडच्या कमांड दोन महिन्यांत बोटांत बसतात, ड्रॉइंग वाचायला वर्ष लागतं. मुलाखतीला गेलं की टूलरूममधला माणूस तेलाचे डाग पडलेलं एखादं जुनं ड्रॉइंग पुढे सरकवतो आणि विचारतो, "हे भोक आरपार आहे का?" कमांड पाठ असलेली पोरं तिथेच गप्प होतात.

म्हणून पहिल्या सत्रातच मशीन ड्रॉइंगवरून (तयार भागाच्या ड्रॉइंगवरून) पॅटर्नचं, म्हणजे ज्याचा वाळूत ठसा घेऊन साचा करतात त्या नमुन्याचं, ड्रॉइंग काढायची सवय लावा, अभ्यासक्रमात असो वा नसो. ग्रे आयर्नचा एक ब्रॅकेट घ्या. तयार लांबी २५० मिमी, दोन्ही टोकं मशीन होणार, मधे ६० मिमीचा बोअर (मशीनवर करायचं गोल भोक). प्रत्येक मशीन होणाऱ्या फेसवर ३ मिमी अलाउन्स (मशीनवर कापून काढायला ठेवलेला जादा धातू) धरला तर कास्टिंगची लांबी २५६. ग्रे आयर्न थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून पॅटर्नवर लांबी २५६ गुणिले १.०१, म्हणजे २५८.५६ मिमी. इथपर्यंत सगळ्यांचं बरोबर येतं. गोची होते बोअरपाशी. बाहेर ३-३ मिलीमीटर वाढवले तसे बोअरलाही वाढवून पोरं ६६ लिहितात. मग बोअर करायला धातूच उरत नाही, कास्टिंग थेट भंगारात. बोअरला अलाउन्स आतल्या बाजूला येतो: ६० वजा ६, म्हणजे ५४. आणि त्यावर श्रिंकेज (आकसण्याचा तो १ टक्का) मात्र वाढवायचंच, कमी करायचं नाही, कारण अख्खा जॉब आकसतो तसं भोकही लहान होतं. कोअरचा, म्हणजे भोकासाठी साच्यात ठेवायच्या वाळूच्या गाभ्याचा, व्यास आला ५४.५४. हे 'वजा, मग गुणिले' ज्याला न अडखळता सांगता येतं त्याला फाउंड्रीत बसायला खुर्ची मिळते.

धातू बदलला की आकडा बदलतो. स्टीलला २ टक्क्यांच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमला १.३ च्या आसपास. नेमका आकडा त्या त्या फाउंड्रीचा, त्यामुळे तो विचारून घ्यावा आणि शीटवर लिहावा. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) कुठे, हे आधी ठरवायचं, मग ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न सहज निघावा म्हणून भिंतीला दिलेला उतार. १०० मिमी खोलीच्या भिंतीला १ अंश ड्राफ्ट दिला तर एका बाजूला पावणेदोन मिलीमीटर फरक पडतो. तो उलट्या दिशेने दिला तर पॅटर्न उपसताना साचा फाटतो. बारीक भोकांना कोअर घालत नाहीत, ती भरीव ओतून नंतर ड्रिल करतात. त्यामुळे पॅटर्नच्या ड्रॉइंगवर ती दिसली की समजावं, काढणाऱ्याने मशीन ड्रॉइंग नुसतं १.०१ ने मोठं करून दिलंय.

यूट्यूबवरून शिकणाऱ्यांना आणखी एक खड्डा लागतो. आपल्याकडे ड्रॉइंगवर दृश्यं मांडायची फर्स्ट अँगल प्रोजेक्शन ही पद्धत चालते, बरेचसे अमेरिकी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात. डावीकडून पाहिलेलं दृश्य फर्स्ट अँगलमध्ये उजवीकडे काढतात. हे उलटं झालं आणि टायटल ब्लॉकमध्ये प्रोजेक्शनची खूण नसली, तर आरशातल्यासारखा उलटा जॉब तयार होतो, आणि डाव्या हाताचा ब्रॅकेट उजव्या बाजूला बसत नाही.

टॉलरन्सचंही (माप किती कमी-जास्त चालेल त्याचंही) तसंच. २५ मिमी बोअरला एच-७ लिहिलं म्हणजे २५.००० ते २५.०२१. ही २१ मायक्रॉनची जागा गरज असेल तिथेच मागायची. सगळीकडे घट्ट टॉलरन्स लिहिणारा आणि सगळीकडे सरसकट ०.१ लिहिणारा, दोघेही मालकाला महागात पडतात. मापं दाखवताना चार दशांश तसेच सोडू नयेत. सॉफ्टवेअर दाखवतं म्हणून २५.०००० ठेवलं की मशीनवाला हसतो, नाहीतर फोन करतो.

लेझर कटिंगच्या दुकानात ड्रॉइंगची डीएक्सएफ फाइल जाते तेव्हा तर सगळं उघडं पडतं. माप चुकलं म्हणून रेष न सुधारता नुसता आकडा टाइप करून बदलणं ही सगळ्यात वाईट सवय. कागदावर १२० दिसतं, रेष ११८ चीच असते, आणि मशीन रेष कापतं, आकडा वाचत नाही. दुसरं म्हणजे एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण लेझर त्याच जागेवरून दोनदा जातो आणि कड जळते. फाइल देण्याआधी ओव्हरकिल (दुहेरी रेषा काढून टाकणारी कमांड) चालवावं, बाह्यरेषा बंद पॉलीलाइन (सलग जोडलेली एकच रेष) करून घ्यावी, फाइलचं युनिट मिलीमीटर आहे का बघावं. डायमेन्शन एक्सप्लोड करू नयेत, म्हणजे मापं सुट्या रेषांत फोडू नयेत. मॉडेल स्पेसमध्ये (ड्रॉइंग काढायच्या जागेत) सगळं एकास एक काढायचं आणि स्केल लेआउटच्या (छापायच्या शीटच्या) व्ह्यूपोर्टला, म्हणजे शीटवरच्या खिडकीला, द्यायचं. एकास पन्नासच्या शीटवर २.५ मिमी अक्षर हवं असेल तर मॉडेलमध्ये उंची १२५. स्केलप्रमाणे आपोआप बदलणारं अ‍ॅनोटेटिव्ह टेक्स्ट वापरलं तर हा गुणाकार वाचतो.

दुसऱ्या सत्रात थ्रीडी पॅरामेट्रिक (माप बदललं की मॉडेल आपोआप बदलणारं) सॉफ्टवेअर शिकवतात का, हे आत्ताच विचारून घ्या. नुसत्या टूडीवर थांबणारा कोर्स असेल तर थ्रीडी घरी फ्रीकॅड या फुकट सॉफ्टवेअरवर करावं. स्केच मापांनी पूर्ण बांधलेलं कसं ठेवायचं, फीचरचा क्रम कसा लावायचा, ही समज एकदा आली की सॉलिडवर्क्ससारख्या पॅकेजवर जायला फार दिवस लागत नाहीत.

आता नकाशे. इथे क्यूजीआयएस हे फुकट आणि दणकट सॉफ्टवेअर आहे. शिकायला सगळ्यात चांगली कसरत म्हणजे आपल्याच गावाचा गटनकाशा स्कॅन करून उपग्रह चित्रावर बसवणं. नकाशा असा बसवायच्या साध्या, पहिल्या घाताच्या रूपांतराला किमान ३ बिंदू (दोन्हीकडे ओळखू येणाऱ्या जागा) लागतात, पण ३ च दिले तर चूक नेहमी शून्य दाखवते आणि पोरं खूश होतात. ८-१० द्यावेत, नकाशाच्या चारी कडांना पसरलेले. गावठाणाजवळ सगळे बिंदू गोळा केले की शिवेवरचे गट वाकडे बसतात. बिंदू म्हणून झाड किंवा नाल्याचं वळण घेऊ नये, ते सरकतं. तिवाट्याचा दगड, जुन्या विहिरीची कड, शिवेची खूण घ्यावी. १:५००० च्या नकाशावर अर्धा मिलीमीटर म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. तेवढी चूक कागदातच असते, त्याखाली उतरल्याचा दावा करू नये.

कोल्हापूर यूटीएमच्या (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या) ४३ उत्तर पट्ट्यात येतं, सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा ईपीएसजी क्रमांक ३२६४३. अक्षांश-रेखांशाच्या ४३२६ क्रमांकाच्या पद्धतीतच प्लॅनिमेट्रिक (सपाट धरून) क्षेत्रफळ काढलं तर उत्तर चौरस अंशात येतं आणि त्याला काही अर्थ नसतो. गुंठा आणि आर एकच धरण्याची चूकही नेहमीची. जुनी साखळी ३३ फुटांची, ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट हा गुंठा, तो होतो १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे १०० चौरस मीटर. एकरभराच्या हिशेबात ४७ चौरस मीटरची तफावत येते, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा. भावकीच्या वाटपात अर्ध्या गुंठ्यावरून काय होतं हे कागलकरांना सांगायला नको.

मोबाइलच्या जीपीएसने बांध मोजून देणारे हल्ली बरेच आहेत. उघड्या आभाळाखालीही मोबाइल ३ ते ५ मीटर चुकतो. १० गुंठ्यांचा चौकोनी तुकडा साधारण ३२ मीटर बाजूचा असतो, त्यात एका बाजूला ३ मीटर इकडेतिकडे झाले की एक गुंठा गेला. मोजणीच्या कामाला आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक असलेलं जीपीएस) लागतं, तेही भूमी अभिलेखच्या मोजणीची जागा घेत नाही. आणि भावाच्या मनात भूकरमापकाची भरती असेल तर तिथे स्थापत्य पदविका किंवा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड मागतात, नुसतं जीआयएसचं (डिजिटल नकाशांचं) प्रमाणपत्र पुढे करून भागत नाही. तसंच मेकॅनिकल ड्राफ्ट्समनचा आयटीआय ट्रेड २ वर्षांचा आहे. अप्रेंटिसशिपसाठी तो जास्त वजनदार ठरतो, त्यामुळे प्रवेश बदलायची मुभा असेल तर विचार करा.

पुराचा नकाशा हा आपल्याकडचा हमखास प्रोजेक्ट, आणि हमखास चुकणारा. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पोरं फुटांचे मीटर करतात आणि उंचीच्या मॉडेलवर १३ मीटरची समोच्च रेषा शोधत बसतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे! ते ४३ फूट बंधाऱ्यावरच्या पट्टीचे असतात, पट्टीचं शून्य किती उंचीवर आहे हे कळल्याशिवाय त्यांचा नकाशाशी संबंध लागत नाही. शिवाय फुकट मिळणारं ३० मीटर पिक्सेलचं उंचीचं मॉडेल उभ्या दिशेने काही मीटर चुकतं. त्यावर फुटाफुटाचे पूरनकाशे रंगवणं म्हणजे शोभेचं काम. त्यापेक्षा जाहीर झालेल्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे २५ आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या, गटनकाशावर बसवून कुठले गट बाधित होतात याची यादी काढावी. ती कुणाच्या तरी कामाला येते.

मराठी माहिती भरताना शेपफाइल (नकाशाच्या माहितीचा जुना फाइल प्रकार) टाळा. तिच्यात रकान्याचं नाव १० बाइटांचं, देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे 'गटक्रमांक' मधलं तीन चिन्हांपुढचं सगळं कापलं जातं. त्याऐवजी जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरावा. शेपफाइलच द्यावी लागली तर तिचे सगळे तुकडे (एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे, सीपीजी) एकत्र झिप करून द्यावेत. नुसती एसएचपी पाठवली तर समोरच्याकडे उघडत नाही. आणि कॅड असो वा नकाशा, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात लिहिलेली नावं दुसऱ्या संगणकावर खिचडी होतात. युनिकोडच वापरायचं.

अ‍ॅनिमेशनबद्दल थोडक्यातच. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात सुरू झाली याचा अभिमान आपल्याला आहेच, पण आज इथे बसून पगारी अ‍ॅनिमेशनचं काम मोजकंच मिळतं, बाकी पुण्या-मुंबईत. तरीही घ्यायचं असेल तर ब्लेंडर हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. २५ फ्रेमच्या हिशेबाने १० सेकंदांना २५० फ्रेम लागतात. एक फ्रेम रेंडर व्हायला (संगणकाने अंतिम चित्र काढायला) २ मिनिटं लागली तर सव्वाआठ तासांहून जास्त. मध्येच लाइट गेली तर थेट व्हिडिओ म्हणून रेंडर होत असलेली फाइल बहुधा वाया जाते. त्यामुळे आधी पीएनजी फ्रेम काढायच्या आणि नंतर जोडायच्या.

कॅडवाल्याला मात्र अ‍ॅनिमेशनचा एक तुकडा उपयोगी पडतो, तो म्हणजे मशीन कशी चालते हे ग्राहकाला दाखवणारा व्हिडिओ. ब्लेंडर कॅडची स्टेप ही थ्रीडी फाइल थेट घेत नाही, फ्रीकॅडमधून ती एसटीएल किंवा ओबीजे प्रकारात करून न्यावी लागते. एसटीएलला युनिट नसतं, त्यामुळे २५० मिलीमीटरचा ब्रॅकेट तिकडे २५० मीटरचा होऊन पडद्याबाहेर जातो आणि "मॉडेल आलंच नाही" अशी तक्रार येते. आणताना ०.००१ स्केल द्यायचं.

लॅपटॉप: कॅड आणि नकाशांसाठी १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं तर बरं, नसलं तरी शिकायला अडत नाही. ब्लेंडरलाच ते खरं लागतं. ऑटोकॅडची कॉपी कुणाकडून मागून घेऊ नका. पात्र संस्थेतल्या विद्यार्थ्यांना ऑटोडेस्क वर्षभराचं फुकट शैक्षणिक लायसन्स देतं आणि त्याचं नूतनीकरणही होतं. कॉलेजचं ओळखपत्र किंवा प्रवेशाची पावती अपलोड करावी लागते, तिच्यावर नाव आणि चालू वर्ष स्पष्ट हवं, नाहीतर पडताळणी अडकते. आणि चाकवाला माउस वेगळा घ्या. कॅडमध्ये चाक दाबून पॅन होतं आणि फिरवून झूम, टचपॅडवर हात बसलेल्या पोराला नंतर कंपनीतला संगणक परका वाटतो.