एपी केमिस्ट्रीसाठी (अमेरिकेतली 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', म्हणजे कॉलेज-लेव्हलची परीक्षा) दोन महिने पुरतील का?
अकरावी-बारावीचा बेस पक्का असेल तर पुरतील रे. आपल्याकडे ऑरगॅनिकच्या रिअ‍ॅक्शन घोकून घोकून जीव जातो, एपीत त्या जवळपास नाहीतच, मग तो वेळ इक्विलिब्रियम, अ‍ॅसिड-बेस आणि बफरला दे, आणि फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीचे ग्राफ (अणूतले इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते ते दाखवणारे) वाचायला शीक, ते आपल्या क्लासवाले शिकवत नाहीत. ९० मिनिटांत ६० एमसीक्यू, मग १०५ मिनिटांत ७ लेखी प्रश्न, कॅल्क्युलेटर दोन्हीकडे चालतो. मी पाठांतराच्या जोरावर गेलो आणि 'कारण सांगा'वाल्या प्रश्नांत माती खाल्ली, नुसता 'ल शातेलिए' (इक्विलिब्रियम कुठे सरकेल ते सांगणारा नियम) लिहून मार्क मिळत नाहीत, क्यू (रिअ‍ॅक्शन क्वोशंट) आणि के (इक्विलिब्रियम कॉन्स्टंट) ची तुलना करून दाखवावी लागते. आणि विरार लोकलमध्ये अभ्यास करेन वगैरे विसर, घरीच घड्याळ लावून जुने लेखी प्रश्न सोडव.