खिडकी लावली तरी धडधड आत कशी येते?

प्रश्न : मी घोडबंदर रोडला राहते. मिरवणूक सोसायटीसमोरून जाते तेव्हा खिडक्या लावल्या की गाण्याचे शब्द कळेनासे होतात पण बेसची धडधड येतच राहते, काचासुद्धा थरथरतात. असं का? साउंड वेव्ह म्हणजे बाहेरची हवाच आत येते का? आणि मोबाइल टॉवरच्या त्यापण साउंड वेव्हच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, हवा येत नाही, दाब येतो. स्पीकरचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते, आणि तो दाब पुढची हवा तिच्या पुढच्या हवेला देत जाते. ठाणे स्टेशनच्या पुलावर गर्दीत मागून धक्का बसतो तेव्हा माणसं जागेवरच असतात, धक्का मात्र पार जिन्यापर्यंत पोचतो ना, तसंच. या सरकत्या दाबालाच साउंड वेव्ह म्हणतात, ३० डिग्रीच्या हवेत ती सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते.

आता बेस. सेकंदाला ५० कंपनं असलेल्या आवाजाची एक लहर ७ मीटर लांब असते, म्हणजे दोन मजल्यांएवढी, आणि ५००० कंपनांची फक्त ७ सेंटीमीटर. शब्द कळायला लागतात ते स, श, ट, च असे बारीक आवाज, ते काच आणि भिंत बऱ्यापैकी अडवतात. पण बेस इतका सावकाश ढकलतो की काच स्वतःच त्याच्याबरोबर हलते आणि आतल्या हवेला ढकलते, म्हणून ती थरथर, शिवाय लांब लहरी बिल्डिंगच्या कोपऱ्यावरून वळूनही येतात. फटींना रबर लावलंत तर बारीक आवाज अजून कमी होईल, बेसला मात्र जाड, जड भिंतच लागते. त्यामुळे खरा उपाय बाहेरच, स्पीकरचा बेस कमी करायला लावणं, आणि ते मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे, मंडळाच्या पोरांना आधीच भेटून हे सांगा.

टॉवरच्या लहरी वेगळ्या, त्या रेडिओ लहरी, त्यांना हवा लागतच नाही आणि त्या सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातात, त्यांचा आवाज होतो तो फोनच्या स्पीकरमध्ये. सोनोग्राफीत मात्र खरोखर साउंड वेव्हच असतात, फक्त सेकंदाला लाखो कंपनांच्या, आणि आपला कान साधारण २०,००० पर्यंतच ऐकतो.