पोट गरम, पावलं गार: तान्ह्या बाळाच्या उबेबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी चिखलदरा तालुक्यात आशा (गावची आरोग्य स्वयंसेविका) आहे. थंडीत गृहभेटीला गेले की ‘बाळाला ऊब द्या’ असं सांगते. सगळ्या जणी हो म्हणतात. पुढच्या भेटीला बाळ पुन्हा वेगळ्या खाटेवर, डोकं उघडं. कसं शिकवू?

उत्तर: ताई, ‘ऊब द्या’ हे कानाला सांगून भागत नाही, ते आईच्या हाताला कळावं लागतं. म्हणून सुरुवात तिच्याच हातापासून करा. तळवा आपलाच गरम-गार असतो, तेव्हा तिला हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला आणि मग पावलांना लावायला सांगा. दोन्ही कोमट लागली तर बाळ ठीक. पोट कोमट, पावलं गार असली तर बाळ गारठायला लागलंय. पोटही गार लागलं तर बाळ गारठलंय, धोका आहे. मग थर्मामीटरचं टोक काखेच्या मधोमध ठेवा, दंड अंगाशी दाबून धरा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस (९७.७ ते ९९.५ फॅरनहाइट) हे योग्य तापमान. हाताला लागलेलं आणि आकड्यात दिसलेलं एकच आहे हे तिने एकदा पाहिलं की थर्मामीटर नसतानाही ती स्वतः तपासते.

कारणही सांगा, बाया ते नीट समजून घेतात. वजनाच्या मानाने बाळाची कातडी फार, चरबी पातळ, आणि आपल्यासारखं कुडकुडून ऊब तयार करणं त्याला जमत नाही. मानेभोवती आणि खांद्यांच्या मधे साठवलेली खास चरबी जाळून ते अंग गरम ठेवतं. त्यात साखर आणि प्राणवायू खर्च होतो. मग ते मलूल होतं, ओढून पीत नाही, दूध कमी जातं आणि आणखी गारठतं. ‘शांत आहे, रडत नाही, गुणी आहे’ असं घरातले म्हणत असतात तेव्हा बाळ असं गारठलेलं असू शकतं.

आता कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवणं. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या, म्हणून डॉक्टरांनी कमी दिवसांची बाळं आयांच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. घरी करायचं ते असं: पंखा बंद, दार लोटलेलं. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे. आईचं पोलकं पुढून उघडं. बाळ दोन्ही स्तनांच्या मधे उभं, छातीला छाती; मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी किंचित वर; पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ सुती लुगड्याची पट्टी बांधा, तिची वरची कड बाळाच्या कानाखाली यावी. छातीवर घट्ट, पोटावर सैल, कारण बाळ श्वास घेतं तेव्हा त्याचं पोट हलतं. त्यावर शाल. आईने उशांना टेकून अर्धवट बसायचं, सपाट झोपायचं नाही.

चुका होतात त्या दोन. ‘थंडी आहे’ म्हणून झबलं अंगावरच ठेवतात, मग कातडीला कातडी लागतच नाही. दुसरी, पट्टी सैल राहून बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. नाक-तोंड आईला सतत दिसायला हवं.

एका बैठकीत निदान एक तास ठेवा. अडीच किलोच्या आतलं बाळ असेल तर दिवसभरात आठ तासांपासून जमेल तितकं, अगदी चोवीस तासही चालतं. बाबा, आजी, मावशी कुणीही आलटून पालटून घेऊ शकतं.

एकदा तुम्ही करून दाखवा, सगळं सोडवा आणि मग तिला एकटीला करू द्या. तुमचे हात मागे. सासूबाई समोर असतील अशाच वेळी जा, कारण न्हाऊ-माखू त्यांच्या हातात असतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तुमच्या गृहभेटींची वाट तिथूनच निघाली.

प्रश्न: बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची आमची रीत आहे. सूनबाई नको म्हणते. (एक आजी, सातारा जिल्हा)

उत्तर: आजी, सूनबाईंचं ऐका. बंद खोलीत कोळशातून जो विषारी वायू निघतो त्याला ना वास, ना रंग. झोपेत कळतही नाही. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो तो वेगळाच. गरम पाण्याची पिशवीही बाळाशेजारी नको, कोवळी कातडी चटकन भाजते. अंथरूण आधी पिशवीने गरम करा आणि पिशवी काढून मगच बाळाला ठेवा. सगळ्यात चांगली शेगडी म्हणजे आईचं अंग.

प्रश्न: पहिली आंघोळ कधी? रोज मालिश करू का?

उत्तर: जन्मल्यावर निदान २४ तास आंघोळ नको. नुसतं कोरडं पुसा, ओलं फडकं बदला आणि अंगावरचा पांढरा थर तसाच राहू द्या, तो बाळाच्या कातडीला जपतो. बाळ वजनाने कमी असेल तर डॉक्टर सांगेपर्यंत फक्त पुसून घ्या. पुढे आंघोळ घालाल ती दुपारी, कोपराला कोमट लागेल अशा पाण्याने, झटपट. आधी डोकं कोरडं करून टोपडं घाला, मग अंग. ओल्या डोक्यातून ऊब फार जाते. मालिश करताना सगळं बाळ उघडं ठेवू नका. एकेक हात, एकेक पाय उघडा, चोळा, झाका.

प्रश्न: किती कपडे घालावेत?

उत्तर: आपल्यापेक्षा एक-दोन थर जास्त. घट्ट गुंडाळलेल्या एका जाड गोधडीपेक्षा दोन सैल दुपटी बरी, कारण ऊब मधल्या हवेत साठते. मानेला घाम, अंग लालसर, ३७.५ च्या वर ताप असं दिसलं तर एक थर काढा आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरीही उतरला नाही तर दवाखाना गाठा, जंतुसंसर्ग असू शकतो.

प्रश्न: दवाखान्यात नेमकं कधी न्यायचं?

उत्तर: बाळाचं तापमान ३६.५ च्या खाली असेल तर छातीशी घ्या, पाजा, तासाने मोजा. वाढलं नाही, किंवा ३५.५ च्या खाली गेलं, बाळ ओढत नसेल, हातपाय लुळे पडले असतील, श्वास भराभर किंवा अडखळत असेल तर लगेच १०८ ला फोन करा. गाडीतही बाळ दुपट्यात गुंडाळून मांडीवर नको, आईच्या छातीशी बांधूनच न्या. वाटेत ते पुन्हा गारठतं.