शुक्राची चांदणी: लाल रेघ कुणाला?

एका आईचा प्रश्न आहे. मुलीने निबंधात लिहिलं, 'संध्याकाळी पश्चिमेला शुक्राची चांदणी दिसत होती.' वही परत आली तेव्हा वाक्याखाली लाल रेघ होती आणि बाजूला शेरा: 'शुक्र हा ग्रह आहे, चांदणी नाही.' आई विचारते, हे खरंच चूक आहे का? मग 'शुक्रतारा'ही चूकच म्हणायचा का? सोबत आणखी दोन शंका आहेत: नक्षत्र म्हणजे नेमकं काय, आणि तारे लुकलुकतात की टिमटिमतात?

शेरा मारणाऱ्याचं खगोलशास्त्र पक्कं आहे, मराठी जरा कच्चं आहे.

'चांदणी'पासून सुरुवात करू. हा शब्द चंद्राच्या घरातला. संस्कृत चंद्र, प्राकृतात चंद, पुढे चांद, आणि त्यावरून चांदणं नि चांदणी. हिंदीत 'चाँदनी' म्हणजे अजूनही चंद्राचा उजेडच. मराठीने मात्र घरात वाटणी केली. उजेड नपुंसकलिंगी चांदण्याकडे गेला आणि स्त्रीलिंगी चांदणीच्या वाट्याला आभाळातला चमकता ठिपका आला. वाटणी पुरती झाली नाही, हे त्यातलं गंमतीचं. टिपूर चांदणं पडतं ते चंद्राचं. पण अमावास्येच्या काळ्या रात्रीही आपण 'आभाळात चांदणं फुललंय' म्हणतो, आणि तेव्हा चंद्राचा पत्ताच नसतो. एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात, आणि प्रत्यक्षात ते एकमेकांच्या मुळावर उठलेले आहेत. पौर्णिमेचं चांदणं जितकं लख्ख, तितकी तारकांची गर्दी कमी दिसते.

तेव्हा 'चांदणी' हे वस्तूचं नव्हे, दिसण्याचं नाव आहे. तो ठिपका स्वतःच्या तेजाने जळतोय की सूर्याचं ऊन परतवतोय, याच्याशी या शब्दाला देणंघेणं नाही. लहान मूल कागदावर पाच टोकांची चांदणी काढतं तेव्हा ती ग्रहाची की ताऱ्याची, असं कुणी विचारत नाही. 'शुक्राची चांदणी' म्हणजे चांदणीसारखा दिसणारा शुक्र. मुलीचं वाक्य बरोबर आहे.

'शुक्रतारा'चं उत्तर थोडं लांबेल, कारण 'तारा' या शब्दाला आज शास्त्राने बांधून घेतलंय. आतल्या अणुसंमीलनाने स्वतः प्रकाशणारा वायूचा गोल तो तारा, ही व्याख्या विज्ञानाच्या पुस्तकात हवीच. तिथे 'शुक्र हा तारा आहे' लिहिलं तर लाल रेघ योग्य. पण शब्द व्याख्येच्या कितीतरी आधीचा आहे. जुन्या संस्कृत ज्योतिषग्रंथांत 'ताराग्रह' असा एक नेमका शब्द सापडतो. सूर्य-चंद्र वगळून उरलेले पाच, म्हणजे मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी, ते ताराग्रह. वागणं ग्रहाचं, रूप ताऱ्याचं. ज्यांनी या पाचांच्या गतीची गणितं मांडली त्यांनाच त्यांना तारा म्हणायला संकोच वाटला नाही, तर निबंध लिहिणाऱ्या मुलीने का संकोचावं? (तारा संस्कृतात स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी: तो तारा, ते तारे. 'त्या तारा' म्हटलं की विजेच्या नाहीतर सतारीच्या डोळ्यांपुढे येतात.)

आता 'ग्रह'. याचा धातू ग्रह्, म्हणजे पकडणं. ग्रहण, संग्रह, आग्रह, गृहीत ही सगळी त्याचीच भावंडं. 'असा माझा ग्रह झाला' म्हणतो तेव्हाही मनाने काहीतरी पकडलेलं असतं. माणसाला पकडतात म्हणून ते ग्रह, अशी मूळची समजूत. युरोपातल्या भाषांनी ग्रहाला जो शब्द घेतला त्याचा ग्रीक अर्थ 'भटका'. आपण त्यांची पकड पाहिली, ग्रीकांनी पावलं. जुना अर्थच धरून बसायचं तर मात्र पंचाईत आहे: नवग्रहांत रवी आणि सोम आहेत, राहू-केतू आहेत, पृथ्वी मात्र नाही. म्हणजे जुन्या मराठीत सूर्य हा ग्रह, नव्या मराठीत तारा. हा बदल आपण निमूटपणे पचवला. 2006 साली आंतरराष्ट्रीय खगोलसंघाने ग्रहाची व्याख्या पक्की करून प्लुटोला बाहेर काढलं तेव्हाही मराठीने झटकन 'बटुग्रह' हा छान शब्द काढून दिला. विल्यम हर्शेल यांनी 1781 मध्ये शोधलेल्या युरेनसला तर मराठी पंचांगांनी शोधणाऱ्याच्याच नावाने 'हर्षल' केलं, आणि ते अगदी आपलं वाटतं.

आईच्या पत्रात एक वाक्य होतं जे मला प्रश्नांपेक्षाही महत्त्वाचं वाटलं: 'मला स्वतःला तरी कुठे ओळखू येतं, कुठला तारा नि कुठला ग्रह?' याला शब्दच मदत करतात, कारण ग्रहांची जुनी नावं ही नुसती नावं नाहीत, ओळखीच्या खुणा आहेत.

'शुक्र' म्हणजे लखलखीत, शुभ्र. शुच् म्हणजे प्रकाशणं, त्यावरून. सूर्य-चंद्र सोडले तर आभाळात याच्याइतकं तेजस्वी नेहमीचं काही नाही. ताऱ्यांत सर्वांत ठळक असलेल्या व्याधापेक्षाही तो दहापटींहून अधिक उजळ असतो. आणि तो सूर्याचं बोट सोडत नाही: फार तर 47 अंश दूर जातो. म्हणून मावळतीनंतर किंवा उगवतीपूर्वी साधारण तीन तास, एवढीच त्याची हजेरी. मध्यरात्री डोक्यावर झळकणारी ठळक चांदणी दाखवून कुणी 'शुक्र' म्हणालं तर तो बहुधा गुरू असतो. संध्याकाळचा तारा नि पहाटेचा तारा हे वेगळे समजून ग्रीकांनी त्यांना दोन नावं दिली होती. बुध तर सूर्यापासून 28 अंशांपलीकडे जातच नाही. तो क्षितिजाजवळच्या संधिप्रकाशात चुकून सापडला तर सापडला.

'अंगारक' हे मंगळाचं जुनं नाव, म्हणजे निखारा. रंग तसाच तांबूस. पण रंगाने फसवणारे तारेही आहेत. रोहिणी या नावातच लाली आहे, आर्द्रा आणि ज्येष्ठाही तांबड्या. ज्येष्ठेला ग्रीकांनी 'अँटारेस' म्हटलं, म्हणजे एरीसचा प्रतिस्पर्धी. एरीस हा त्यांचा मंगळ. मंगळ तिच्या शेजारून जातो तेव्हा दोन निखारे शेजारी ठेवल्यासारखे दिसतात.

मला सर्वांत आवडतं ते शनीचं नाव. 'शनैश्चर': हळूहळू चालणारा. 'मंद' हे त्याचं दुसरं नाव. राशिचक्राची फेरी पुरी करायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला बाराच्या आसपास. हे नाव ठेवणाऱ्याने एका रात्रीत ठेवलेलं नाही. वर्षानुवर्षं त्याच तारकांपाशी रेंगाळणारा तो पिवळसर ठिपका कुणीतरी चिकाटीने पाहिला असणार.

ग्रह-ताऱ्यातला फरक ओळखण्याची खात्रीची रीत हीच आहे. शेजारच्या तारकांची खूणगाठ मनाशी बांधायची नि काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. जो सरकला तो ग्रह. घाई असेल तर जागा पाहा. ग्रह क्रांतिवृत्ताच्या पट्ट्यातच फिरतात, म्हणजे सूर्य-चंद्र ज्या वाटेने जातात तिथेच. अगस्त्य हा तारा दक्षिणेला खूप खाली, अभिजित हा तारा उत्तरेला. या जागी कितीही तेजस्वी काही दिसलं तरी ते ग्रह नव्हे. त्या पट्ट्यातले चारच ठळक तारे खरा गोंधळ घालतात: रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. यांचं तेज शनीच्या जवळपास जातं, त्यामुळे 'इथे एक जादा चांदणी कुठून आली' असं वाटलं की या चौघी आपापल्या जागी आहेत ना, ते आधी मोजायचं.

तेज मोजायलाही मराठीत सुरेख शब्द आहे, 'प्रत'. 'उत्तम प्रतीचा तांदूळ'मधलीच ही प्रत. पहिल्या प्रतीचे तारे ठळक, सहाव्या प्रतीचे नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे. आकडा वाढला की तेज कमी, याचं नवख्यांना आश्चर्य वाटतं, पण प्रत म्हणजे दर्जा हे लक्षात घेतलं की वाटू नये. पहिला दर्जा दुसऱ्याहून वरचाच असतो. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पट. व्याध उणे 1.46, शुक्र उणे 4 च्याही पलीकडे.

दुसरी शंका नक्षत्राची, आणि इथे मी लाल रेघवाल्यांच्या बाजूचा आहे, पण अर्ध्याच. चंद्र 27.3 दिवसांत ताऱ्यांमधून एक फेरी करतो, म्हणून त्याच्या वाटेचे 27 समान भाग पाडले. प्रत्येक भाग 13 अंश 20 कलांचा (60 कला म्हणजे एक अंश), हे नक्षत्र. त्या भागातला ओळखीचा तारा तो त्याचा 'योगतारा'. चित्रा नक्षत्राचा योगतारा चित्रा, असं. म्हणून 'सप्तर्षी नक्षत्र' किंवा 'शर्मिष्ठा नक्षत्र' म्हणणं काटेकोरपणे चूक, ते तारकासमूह. चंद्र त्यांच्याकडे फिरकतही नाही. (शर्मिष्ठेच्या शेजारी देवयानी, ययाती आणि वृषपर्वा आहेत. ग्रीकांनी इथे सिफियस राजाचं कुटुंब बसवलं होतं. मराठीने त्याच जागी महाभारतातलं एक भांडकुदळ कुटुंब बसवलं.)

पण बोलीभाषा हा काटेकोरपणा कधी पाळत नव्हती. धूमकेतूला मराठीत 'शेंडेनक्षत्र' म्हणतात, म्हणजे शेंडी असलेला तारा. तिथे नक्षत्र म्हणजे निव्वळ तारा. 'मुलगी नक्षत्रासारखी आहे' म्हणताना 13 अंश 20 कला कुणाच्या मनात नसतात. आणि 'मृग लागला' म्हणतो तेव्हा सूर्य मृग नक्षत्रात आलेला असतो, म्हणजे मृग त्या दिवसांत दिसणारच नाही. तो सूर्याच्या उजेडात बुडालेला. ज्याला मृग बघायचा आहे त्याने डिसेंबर-जानेवारीच्या रात्री वर पाहावं. चार ठळक तारे हे हरणाचे पाय, मधले ओळीतले तीन म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाची रेषा एका बाजूला वाढवली की तो सोडणारा व्याध सापडतो आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की रोहिणी. ग्रीकांनी याच ताऱ्यांत शिकारी पाहिला, आपण शिकार पाहिली.

एका ओळखीच्या ताऱ्यावरून दुसऱ्याकडे जाण्याच्या या पद्धतीला संस्कृतात न्यायच आहे, स्थूलारुंधतीन्याय. अरुंधती बारीक, एकदम दिसत नाही; म्हणून आधी तिच्याजवळचा मोठा तारा दाखवायचा, मग ती. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की नारिंगी स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा. मुलीला शिकवायचं तर इथूनच शिकवा.

राहिलं लुकलुकणं. 'टिमटिमणारे तारे' हल्ली सर्रास लिहिलं जातं. माझ्या कानाला ते हिंदी वळणाचं लागतं. मराठी तारा लुकलुकतो किंवा चमचमतो. मिणमिणतो तो दिवा, तेल संपत आलेला. हा शब्द निवडताना शास्त्रही थोडं सांभाळता येतं. तारे इतके लांब आहेत की त्यांचा प्रकाश एका बिंदूतून येतो. वाटेतल्या कमीजास्त तापलेल्या हवेने तो बिंदू हलतो नि तारा लुकलुकतो. ग्रह दुर्बिणीत इवल्याशा तबकडीसारखे दिसतात. तबकडीवरच्या अनेक बिंदूंची थरथर एकमेकींना सांभाळून घेते, त्यामुळे त्यांचा उजेड स्थिर राहतो. क्षितिजाला टेकलेला ग्रहही कधी थरथरतो, म्हणून थोडं वर आल्यावरच पारख करावी.

या स्थिर उजेडासाठी आपल्याकडे समईचं क्रियापद पडून आहे, तेवणं. तारा लुकलुकतो, ग्रह तेवतो. मुलीने त्या वाक्याच्या शेवटी 'दिसत होती'ऐवजी 'तेवत होती' लिहिलं असतं, तर 'शुक्राची चांदणी तेवत होती' एवढ्यातच तिने तो ग्रह आहे हेही सांगून टाकलं असतं, आणि चांदणीही राहिली असती.