परदेशी दुकानातून मागवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवे बसवलेलं जॅकेट परदेशी दुकानातून मागवायचं आहे. मला नेहमी 'एल' बसतो. तिथलाही तोच घ्यावा का?

उत्तर : अक्षरावर मुळीच जाऊ नका. 'एल' म्हणजे किती, हे प्रत्येक उत्पादक आपल्या तक्त्याप्रमाणे ठरवतो. आकड्यांचंही तसंच, अमेरिकेतला स्त्रियांचा 8 नंबर ब्रिटनमध्ये साधारण 12 होतो. त्यापेक्षा अंगावर छान बसणारं एखादं जॅकेट घ्या, चेन लावून टेबलावर सपाट पसरा, सुरकुत्या हातानं काढा आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरा. 56 सेंमी आलं तर घेर 112. हा आकडा दुकानाच्या तक्त्याशी ताडून पाहा. पण त्याआधी तो तक्ता अंगाच्या मापाचा आहे की कपड्याच्या, हे वाचा. सगळा घोळ इथेच होतो. छाती 102 आणि जॅकेट 112 असेल, तर मधले 10 सेंमी शिंपी ज्याला लूजिंग म्हणतात ते. तक्ता कपड्याचा असताना छातीचं माप लावलंत, तर चेन लागणार नाही. खांदा आणि बाहीही अशाच मोजा. तक्ता इंचात असेल तर 2.54 ने गुणा.

शिवाय बॅटरी आणि दिव्यांची पट्टी काढता येते का, हे दुकानदाराला विचारा आणि अस्तराच्या आतल्या जोडाचा फोटो मागवा. काढता येत नसेल तर ते जॅकेट धुवायचं कसं? आमच्या मते, असं जॅकेट घेऊच नये.

प्रश्न : पावावर चित्र उमटवणारा टोस्टर 120 व्होल्टचा आहे. पिन बदलणारा अ‍ॅडॅप्टर लावून घरी चालेल?

उत्तर : घरी 230 व्होल्ट असतील तर नाही. तो अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज तेवढंच राहतं. तापणाऱ्या तारेची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे 800 वॉटचा टोस्टर सुरुवातीलाच साडेतीनपटीहून जास्त वीज ओढेल आणि तार जळेल. ट्रान्सफॉर्मर चालेल, पण एवढ्या वॉटचा ट्रान्सफॉर्मर टोस्टरपेक्षा जड निघतो. ज्या वस्तूच्या चार्जरवर 'इनपुट 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असं छापलंय, तिला ही अडचण नाही. रिमोटच्या वस्तूंत रेडिओ लहरींची फ्रिक्वेन्सीही पाहा. युरोपात 868 मेगाहर्ट्झची वस्तू असते, अमेरिकेत 915 ची. ब्लूटूथला मात्र हा प्रश्न येत नाही.

प्रश्न : पार्सल महिनाभर एकाच जागी दिसतंय. दुकान म्हणतं, आणखी थांबा.

उत्तर : थांबा, पण तक्रारीची शेवटची तारीख आजच पाहून लिहून ठेवा. खरेदीच्या संकेतस्थळाची मुदत वेगळी, कार्डाच्या बँकेची वेगळी. 'थांबा, थांबा' करत पहिली मुदत संपते आणि पैसे अडकतात. दुकानानं थोडे पैसे परत देऊ केले आणि बदल्यात तक्रार मागे घ्यायला सांगितली, तर घेऊ नका. बऱ्याच ठिकाणी मागे घेतलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही. टपालानं आलेल्या आंतरराष्ट्रीय पार्सलचा क्रमांक 13 खुणांचा असतो : दोन अक्षरं, नऊ अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. असा क्रमांक असेल तर तो आपल्या देशाच्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावर टाका. बऱ्याचदा दुकानाच्या पानावर न दिसलेली कस्टमची नोंद तिथे सापडते, आणि पार्सल नुसतं शुल्क भरायचं राहिलं म्हणून थांबलेलं असतं.