सागाची वर्तुळं मोजण्याआधी

अरे, सागाच्या खोडाचा नमुना हातात आला की लगेच त्यातली वर्षावर्षाची वर्तुळं मोजायला बसू नकोस. आधी पॉलिश पेपरने घास, अगदी भिंगाखाली मोठ्या छिद्रांची ओळ लख्ख दिसेपर्यंत. सागाचं नवं वर्ष त्या ओळीपासून सुरू होतं. (मला ती दिसली की अजूनही हरखायला होतं.) पावसाळ्यात लांब उघडीप पडली तर साग त्याच वर्षात एक जादा, खोटं वर्तुळ धरतो; ते मोजलंस की सगळी वर्षं सरकतात. म्हणून एका झाडाचे दोन नमुने घे, शेजारच्या झाडांशी वर्तुळांचा अरुंद-रुंद क्रम जुळव. आणि अरुंद वर्तुळ दिसलं की दुष्काळ म्हणू नकोस, पानं खाणाऱ्या अळीनेही वाढ खुंटते. समजा ते वर्तुळ १८९९ सालचं निघालं, तर त्या सालचा पाऊस जवळच्या पर्जन्यमापकाच्या नोंदीत बघ, मग बोल.