चेहऱ्याचे हाड आणि हाडाआडचे
वाचकांचे आरोग्यविषयक प्रश्न आणि मुख व जबडा शल्यचिकित्सकांची उत्तरे

प्रश्न : माझा धाकटा भाऊ केज-कळंब रस्त्यावर रात्री दुचाकीवरून येताना उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता आणि भावाच्या डोक्यात हेल्मेट नव्हते. डावा डोळा सुजून बंद झाला होता. जवळच्या दवाखान्यात साधा एक्स-रे काढून हाड मोडलेले दिसत नाही, असे सांगण्यात आले. आज सहावा दिवस आहे. सूज उतरली आहे, पण गाल बसल्यासारखा दिसतो, वरचा ओठ बधिर आहे आणि वर पाहिले की एकाचे दोन दिसतात. घरी आंबेहळदीचा लेप चालू आहे. ऑपरेशन करावे लागेल का?
— एक वाचक, ता. केज, जि. बीड

उत्तर : आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर गालाचे हाड आत दबले आहे आणि डोळ्याच्या खोबणीचा तळही मोडला आहे, असा दाट संशय घ्यावा लागतो. हा तळ पापडासारखा पातळ असतो आणि त्याच्याखाली सायनसची, म्हणजे नाकाशी जोडलेली हवेची, पोकळी असते. मार लागल्यावर तो खाली फुटतो, डोळ्याभोवतीची चरबी व स्नायू त्या फटीत अडकतात आणि मग दोन्ही डोळे बरोबरीने वर फिरत नाहीत. वरच्या ओठाला व नाकपुडीच्या बाजूला संवेदना देणारी नस याच तळातून जाते, म्हणून ओठ बधिर होतो. पहिले दोन-तीन दिवस सूज हे सारे झाकून ठेवते. गाल बसलेला दिसतो तो सूज उतरल्यावरच, आणि तोवर घरच्यांना वाटत असते की माणूस बरा होत चालला आहे.

साध्या एक्स-रेमध्ये चेहऱ्याची हाडे एकावर एक पडतात, त्यामुळे असे अस्थिभंग सहज निसटतात. सिटी स्कॅन करून घ्यावा आणि तो करताना ‘चेहऱ्याच्या हाडांचा’ असे स्पष्ट लिहून घ्यावे. अपघातानंतर बहुतेक ठिकाणी फक्त मेंदूचा स्कॅन होतो आणि त्यात खालचा चेहरा येतच नाही. आपल्याला जवळचे म्हणजे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयही आहे. दाताच्या दवाखान्याचा आणि गालाच्या हाडाचा संबंध काय, असे पुष्कळांना वाटते. पण जबडा व चेहऱ्याची हाडे बसवणारे शल्यचिकित्सक बहुधा दंतवैद्यकातूनच आलेले असतात.

ऑपरेशन प्रत्येकालाच लागते असे नाही. हाड जागचे हलले नसेल, एकाचे दोन दिसणे आपोआप कमी होत असेल, तर वाट पाहता येते. लागलेच, तर प्रौढ माणसात ते साधारण दोन आठवड्यांच्या आत होणे चांगले, कारण पुढे हाड चुकीच्या जागी जुळू लागते आणि ते पुन्हा मोडून बसवण्याची वेळ येते. म्हणजे आपल्या हातात अजून दिवस आहेत, पण लेप उतरण्याची वाट पाहण्याइतके नाहीत. लेपाने हाडाचे काही बिघडत नाही. मात्र गाल चोळू नये आणि हाडवैदाकडून दाबून घेऊ नये. नाक जोराने शिंकरू नये, कारण सायनसमधली हवा डोळ्याभोवती शिरते. शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी.

खरे सांगायचे तर अशा रुग्णात हाड आम्ही शेवटी पाहतो. आधी श्वास, मान आणि मेंदू, मग डोळा, मग हाड. आपल्या भावाची नजर कोणी तपासली का, हे आपण लिहिलेले नाही. सुजलेला डोळाही पापणी हलकेच उघडून पाहावाच लागतो, कारण डोळ्याच्या गोलकामागे रक्त साचून डोळा ताठर होऊन पुढे आला आणि दिसेनासे होऊ लागले, तर नजर वाचवायला तास-दीड तासच मिळतो. आज घरीच एकेक डोळा झाकून त्याला भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा. नजर अंधूक असेल, पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ स्राव गळत असेल किंवा घशात खारट चव येत असेल, वारंवार उलट्या होत असतील, झोप अनावर होत असेल, मान दुखत असेल किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर उद्यावर टाकू नका. तो स्राव मेंदूभोवतीचे पाणी असू शकते.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी. त्यांचे हाड लवचिक असल्यामुळे तळाची फट उघडते आणि स्नायूला पकडून पुन्हा मिटते. डोळा बाहेरून पांढरा स्वच्छ दिसतो, पण मूल वर पाहायला गेले की त्याला मळमळते. तिथे दोन आठवडे नाहीत. एक-दोन दिवसांत स्नायू सोडवावा लागतो.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी महिन्यापूर्वी ओट्यावरून हनुवटीवर पडली. टाके घातले, जखम भरली. आता तिचे तोंड पूर्वीइतके उघडत नाही आणि उघडताना हनुवटी उजवीकडे सरकते. हे टाक्यांमुळे आहे का?
— एक आई, जि. हिंगोली

उत्तर : ताई, हे टाक्यांमुळे नाही. हनुवटीवर बसलेला मार जबड्याच्या हाडातून वर चढतो आणि कानापुढच्या सांध्याजवळचा त्या हाडाचा नाजूक, मानेसारखा निमुळता भाग मोडतो. हनुवटी ज्या बाजूला सरकते, सहसा त्याच बाजूचा सांधा दुखावलेला असतो. मुलीचा उजवा सांधा असावा. हनुवटीची जखम शिवताना दोन्ही कानांपुढे बोट ठेवून तोंड उघडायला लावणे एवढ्या साध्या तपासणीने हे कळते, आणि घाईच्या वेळी नेमके तेच राहून जाते.

लहान वयात यासाठी बहुधा ऑपरेशन करत नाहीत. थोडे दिवस मऊ अन्न आणि त्यानंतर लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम, एवढ्यावर सांधा पुन्हा आकार घेतो. भीती वेगळीच आहे: सांधा हलता राहिला नाही तर तो कवटीच्या हाडाशी जखडतो, तोंड बंद होत जाते आणि त्या बाजूच्या जबड्याची वाढ खुंटते. महिना गेला आहे, तेव्हा याच आठवड्यात जबड्याचे शल्यचिकित्सक गाठा. ओपीजी नावाचा जबड्याचा एक्स-रे आणि गरज पडल्यास सिटी स्कॅन ते सांगतील. त्या वेळी एखादा दात पडून सापडला नव्हता का, हेही आठवून सांगा, कारण तो श्वासनलिकेत गेला असल्यास छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

प्रश्न : बैलाने शिंगाचा हिसडा मारल्याने यजमानांचा खालचा जबडा दोन्हीकडे मोडला. पट्ट्या बसवल्या आहेत आणि तारांनी तोंड बांधले आहे. जेवण काय द्यावे? पट्ट्या पुन्हा काढाव्या लागतात का?
— एक वाचक, ता. भोकरदन, जि. जालना

उत्तर : ज्वारीची पातळ आंबील, गाळलेले वरण, दूध, ताक, आणि उकडलेले अंडे दुधात मिक्सरमधून फिरवून गाळून, असे दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे. नुसत्या पेजेवर ठेवल्यास वजन झपाट्याने उतरते. प्रत्येक वेळी कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरून तारा स्वच्छ कराव्यात. तारा कापायची पक्कड उशाशी असावी आणि कोणती तार कापायची हे डॉक्टरांकडून आपण स्वतः पाहून घ्यावे. उलटी आली तर आधी त्यांना पुढे वाकवून बसवावे आणि गुदमरू लागल्यासच तार कापावी. पट्ट्या टिटॅनियमच्या असतील तर त्या आयुष्यभर राहिल्या तरी चालतात. पू झाला किंवा पट्टी टोचू लागली तरच काढतात. तंबाखू मात्र गालात धरता कामा नये, त्याने जखम भरत नाही आणि पू होण्याची शक्यता वाढते.

आपल्या पत्रात आणखी एक ओळ आहे, ती शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही वाचावी म्हणून इथे घेतो. यजमानांना जीपमध्ये उताणे निजवले तेव्हा ते घुसमटून उठून बसू लागले आणि लोकांनी त्यांना पुन्हा आडवे केले, असे आपण लिहिता. खालचा जबडा दोन्हीकडे मोडला की जिभेला पुढून आधार राहत नाही, ती मागे पडून श्वास अडवते. शुद्धीवरचा असा रुग्ण स्वतःहून पुढे वाकून बसत असेल तर त्याला तसेच बसू द्यावे, रक्त व लाळ बाहेर गळू द्यावी. बेशुद्ध असेल तर डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करताना जबड्याला मार आहे, हे आधी सांगावे.